घरी वाजवायला लूपर घेताना मिनिटं मोजू नका, पायाखालचं बटण बघा

विचारणाऱ्याची परिस्थिती थोडक्यात अशी. दोन-अडीच वर्षं गिटार शिकून झालं आहे. ओपन कॉर्ड आणि बारे कॉर्ड नीट वाजतात, पेंटॅटॉनिकवर, म्हणजे पाच सुरांच्या स्केलवर, थोडं लीडही (कॉर्डच्या साथीवर सुटी धून) जमतं. घर वन बीएचके, सराव रात्री जेवणं झाल्यावर. जवळ दहा वॅटचा ॲम्प आहे आणि एक जुना मल्टिइफेक्ट पेडल (गिटारचा आवाज बदलणारे अनेक इफेक्ट एकाच डब्यात) आहे. आपल्याच कॉर्डवर आपणच लीड वाजवता यावं म्हणून लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून तोच परत परत वाजवणारा पेडल, घ्यायचा आहे, पण साधा, गुंतागुंत नसलेला. एका बटणाचा पुरेल का, किती मिनिटांचा लागेल आणि नेमका कोणता घ्यावा, असे तीन प्रश्न आहेत.

आधी उत्तर देतो. एका बटणाचा पुरेल. पाच मिनिटांचा असेल तर तोही तुमच्या गरजेपेक्षा जास्त आहे. आणि कोणता घ्यावा हे बरंचसं तुम्ही बसून वाजवता की उभं राहून, अनवाणी वाजवता की चप्पल-बूट घालून, यावर ठरतं. हे तिसरं उत्तर ऐकून माझे विद्यार्थी नेहमी थबकतात. पण गेली कित्येक वर्षं शिकवताना मी पाहतो आहे: लूपर घेतलेल्यांपैकी ज्यांचा तो कपाटात जाऊन पडतो, त्यांना मिनिटं कधीच कमी पडलेली नसतात. त्यांचा पाय आणि ते बटण यांचं जुळलेलं नसतं.

लूपर करतो काय, ते एकदा स्पष्ट करून घेऊ. पहिल्यांदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. दुसऱ्यांदा दाबलं की रेकॉर्डिंग संपतं आणि त्याच क्षणी तो तुकडा पहिल्यापासून वाजायला लागतो, गोल गोल. तिसऱ्यांदा दाबलं की त्यावर दुसरा थर चढवता येतो, याला ओव्हरडब म्हणतात. चौथ्यांदा दाबलं की थर चढवणं बंद, वाजणं चालू. पटापट दोनदा दाबलं की थांबतो. दाबून धरलं की शेवटचा थर पुसला जातो, आणि थांबलेला असताना दाबून धरलं की सगळंच पुसलं जातं. एका बटणाच्या जवळपास सगळ्या लूपरचा कारभार एवढाच. पाच मिनिटांत समजतो. पायात उतरायला मात्र दोन-तीन आठवडे लागतात.

या सगळ्यात जीव आहे तो दुसऱ्या दाबण्यात. आपल्याकडे तबल्याच्या साथीला बसलेल्या कुणालाही हे चटकन समजेल. आवर्तन संपतं ते शेवटच्या मात्रेवर नाही, पुढच्या समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. तीनताल सोळाव्या मात्रेवर संपत नाही. सोळावी मात्रा तिचा पूर्ण अवकाश घेते आणि मग सम येते. लूपरवर शिकाऊ माणूस हमखास सोळाव्या ठोक्यावर पाय देतो, कारण त्याच्या मनात वाक्य तिथे संपलेलं असतं. मग त्या शेवटच्या मात्रेचा अवकाश कापला जातो आणि दर फेरीला लूप पुढच्या पायरीवर अडखळल्यासारखा उडी मारतो. उलट समेवर दाबायचं लक्षात ठेवून कुणी एकदशांश सेकंद उशिरा दाबलं, तर लूप दर फेरीला लंगडतो. एकदशांश सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण मिनिटाला 75 ठोक्यांच्या लयीत एक ठोका 0.8 सेकंदाचा असतो. त्याचा आठवा हिस्सा चुकला की कानाला लगेच खुपतो. आणि ती चूक एकदा होऊन विसरली जात नाही, दर फेरीला परत येते.

म्हणून बटण महत्त्वाचं. आता आपल्या घरांचं बघा. आपण घरात अनवाणी असतो. पलंगाच्या कडेला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर किंवा सतरंजीवर मांडी घालून वाजवतो. छोट्या आकाराच्या लूपरवर जे गोल धातूचं बटण असतं, ते बूट घातलेल्या, उभ्या माणसाचा विचार करून बनवलेलं आहे. अनवाणी पायाच्या चवड्यानं ते अर्धा तास दाबून बघा. पायाला टोचतं, मग पाय आपोआप बिचकतो, आणि बिचकलेला पाय समेवर पडत नाही. शिवाय या बटणाला दाबताना एक टप्पा असतो: आधी थोडं खाली जातं, मग कट्ट आवाज होतो. पेडल दाब पोचताच ऐकतो की बटण सुटताना, हे मॉडेलनुसार बदलतं आणि पायाला ते शिकावं लागतं.

बॉस या कंपनीच्या छोट्या पेडलची ठेवण वेगळी. त्यांच्यात पुढचा जवळजवळ अर्धा भाग हीच दाबायची पट्टी असते, वर रबर. पाऊल कुठेही पडलं तरी चालतं, टोचत नाही, आणि कट्ट आवाजही फारसा होत नाही. घरी अनवाणी वाजवणाऱ्याला मी बॉस आरसी-1 सुचवतो तो मुख्यतः याच कारणासाठी. त्यात 12 मिनिटं रेकॉर्ड होतं, आवाज कमी-जास्त करायची एकच कळ आहे, आणि वर 24 छोट्या दिव्यांचं वर्तुळ आहे. हे वर्तुळ दिसायला शोभेचं वाटतं, पण नवशिक्याला त्याचा फार उपयोग होतो. लूप वाजताना दिवे घड्याळाच्या काट्यासारखे फिरतात, त्यामुळे आवर्तनात आपण कुठे आहोत आणि सम किती लांब आहे हे नजरेला कळतं. लीड वाजवताना कॉर्ड कुठे बदलणार याचा अंदाज पहिल्या आठवड्यात कानाला येत नाही, तेव्हा डोळा मदत करतो. महिनाभरानंतर त्या दिव्यांकडे बघायचं मुद्दाम सोडा, नाहीतर कान आळशी होतो.

टीसी इलेक्ट्रॉनिकचा डिट्टो हा दुसरा साधा पर्याय. पाच मिनिटं, एक बटण, एक कळ, आकारानं अगदी छोटा. आवाजाच्या बाबतीत सचोटीचा आहे: तुमच्या गिटारचा मूळ आवाज तो डिजिटल करत नाही, सरळ पुढे पाठवतो, फक्त लूपचा आवाज त्यात मिसळतो. जो उभा राहून, पायात काहीतरी घालून वाजवतो आणि ज्याच्याकडे आधीच चार-पाच पेडल आहेत, त्याला मी डिट्टोच सांगतो, कारण जागा कमी लागते. पण एकटा डिट्टो गुळगुळीत फरशीवर ठेवला तर दोन केबलींच्या वजनानंच तो फिरतो, आणि नेमका दाबायच्या वेळी पायाखालून सरकतो. उपाय सोपा आहे. फूटभर लांबीची प्लायवूडची फळी घ्या, खाली रबराचा तुकडा चिकटवा, वर वेल्क्रो लावून पेडल बसवा. वजन आलं की पाय निर्धास्त होतो.

इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा 360 हाही याच जातीतला. नावातच 360 सेकंद आहेत, म्हणजे सहा मिनिटं, आणि 11 वेगवेगळे लूप साठवता येतात. डॉनर, मूअर, न्यूएक्स यांचे स्वस्त लूपरही घरच्या कामाला वाईट नाहीत. त्यांच्यात मी एकच गोष्ट तपासतो: दुसऱ्यांदा दाबल्यावर लूप जिथे सुरू होतो तिथे बारीकसा टक आवाज किंवा पोकळी ऐकू येते का. दुकानात एकच लांब कॉर्ड वाजवून, ती घुमत असतानाच लूप बंद करा आणि सांधा ऐका. सांधा ऐकू आला तर तो पेडल परत ठेवा, पैसे कितीही वाचत असले तरी. हा एक दोष पुढे रोज ऐकावा लागतो.

आता मांडी घालून वाजवणाऱ्यांबद्दल, कारण आपल्याकडे असे खूप आहेत आणि त्यांच्यासाठी कुणी लिहीत नाही. मांडी घालून पायानं बटण दाबता येत नाही. मग माणूस हातानं दाबतो, म्हणजे समेच्या क्षणी उजवा हात तारांवरून उठतो आणि पहिलाच ठोका गायब होतो. माझं सांगणं असं की लूपरच्या सरावापुरतं तरी खुर्चीवर बसा. हात नसलेली, गुडघा काटकोनात राहील इतक्या उंचीची. टाच जमिनीला टेकलेली हवी आणि चवडा बटणाच्या वर तरंगता. पूर्ण पाय उचलून आपटला तर वेळ चुकते आणि खालच्या मजल्यावर ठोके ऐकू जातात. टाच टेकवून चवडा दाबला की हालचाल बोटभर राहते. ज्यांना गुडघ्यामुळे किंवा सवयीमुळे जमिनीवरच बसायचं आहे, त्यांनी एक पाय लांब सोडून, पेडल भिंतीला टेकवून थोडा तिरका ठेवून बघावा. काहींना जमतं.

मिनिटांचा प्रश्न गणितानं सुटतो, म्हणून ते करूनच टाकू. मिनिटाला 80 ठोके, चार ठोक्यांचा एक बार (तालाचा एक भाग) असे चार बार, म्हणजे 16 ठोके. एक ठोका पाऊण सेकंदाचा. सगळा लूप 12 सेकंदांचा. बारा बारचं ब्लूज मिनिटाला 90 ठोक्यांनी वाजवलं तर 48 ठोके, म्हणजे 32 सेकंद. एखाद्या गाण्याचा मुखडा आणि अंतरा मिळून 32 बार धरले आणि लय 100 ठेवली, तर 77 सेकंदांच्या आसपास. घरच्या सरावात याच्या पलीकडे कुणी जात नाही. केटी टन्स्टॉल या स्कॉटिश गायिकेनं 2004 मध्ये बीबीसीवर एकटीनं लूपर घेऊन गायलं आणि लूपर म्हणजे काय हे असंख्य लोकांना पहिल्यांदा दिसलं. तिच्याकडच्या अकाई हेडरशची लूप धरून ठेवायची क्षमता एका मिनिटाहूनही कमी होती.

याच गणितातून तुमच्या जुन्या मल्टिइफेक्टचं उत्तर निघतं. अशा बऱ्याच पेडलमध्ये लूपर आधीच दिलेला असतो. बॉस जीटी-1 मध्ये 32 सेकंदांचा आहे, झूम जी1 फोरमध्ये 30 सेकंदांचा. चार किंवा आठ बारच्या कॉर्ड फिरवायला तो अगदी पुरेसा आहे, पण मघाचं 90 च्या लयीतलं ब्लूज 30 सेकंदांत मावत नाही आणि 32 मध्ये काठोकाठ येतं. तरी माझा आग्रह आहे की आधी महिनाभर हाच वापरा. बऱ्याचदा त्यात लूपर चालू करायला मेनूत शिरावं लागतं, आणि लूपर चालू असताना बटणांची नेहमीची कामं बदलतात. त्याचा वैताग येईल. पण वैताग येऊनही तुम्ही रोज लूप करत राहिलात, तर वेगळा लूपर घेतलेला वाया जाणार नाही, हे नक्की समजा. आणि महिन्यात तीनदाच वापरलात, तर ते पैसे गिटारच्या चांगल्या सेटअपला (तारांची उंची वगैरे जुळवून घ्यायला) किंवा नव्या तारांना लावा.

एक की दोन बटणं, याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे माहितीपत्रकं गप्प असतात. एका बटणाच्या लूपरवर थांबवायला पटकन दोनदा दाबावं लागतं. यातली पहिली दाब पेडलला ओव्हरडबची सूचना वाटते, कारण दुसरी येणार आहे हे त्याला आधी कसं कळणार? त्यामुळे त्या निमिषात तो रेकॉर्ड करायला लागतो, मग दुसरी दाब येते आणि तो थांबतो. परिणाम दोन होतात. लूप नेमक्या समेवर थांबत नाही, थोडा पुढे सांडतो. आणि त्या क्षणी तुम्ही तार छेडली असेल, तर तो तुकडा थरात जाऊन बसायची शक्यता असते. स्वतःच्या सरावाला यानं काही बिघडत नाही. पण घरच्या बैठकीत, चार माणसांसमोर गाणं स्वच्छ संपवायचं असेल तर हे खटकतं. त्यावेळी थांबवायचं वेगळं बटण हवंच.

म्हणून मी म्हणतो, पहिल्यापासून दोन बटणांचा घ्यायची गरज नाही, पण पुढे दुसरं बटण जोडता येईल असा घ्या. आरसी-1 ला बाहेरचा फूटस्विच (पायानं दाबायचं वेगळं बटण) जोडायचा जॅक आहे, तिथे जोडलेल्या बटणानं एका दाबेत थांबवता येतं. इथे एक काळजी घ्या: दाबलं तेवढ्यापुरतंच चालू होणारा, मोमेंटरी प्रकारचा स्विच लागतो. बॉसच्याच दोन स्विचांची नावं सारखी दिसतात. एफएस-5यू मोमेंटरी आहे, एफएस-5एल दाबला की तसाच राहणारा आहे. लूपरसाठी यू. मूळ डिट्टोला अशी सोय नाही. त्याच घरातला डिट्टो एक्स2 किंवा इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा 720 घेतला तर दोन बटणं अंगचीच मिळतात, वर लूप उलटा किंवा अर्ध्या वेगानं वाजवायची सोयही. ती गंमत पहिले पंधरा दिवस टिकते. अर्ध्या वेगाचा मात्र एक खरा उपयोग आहे: कॉर्ड दुप्पट वेगानं वाजवून रेकॉर्ड केल्या आणि वेग अर्धा केला की आवाज सप्तकभर खाली जातो, आणि बेस गिटार नसताना बेसची ओळ तयार होते.

आत तालाची सोय असलेले लूपर घ्यावेत का, हा पुढचा मोह. बॉस आरसी-5 मध्ये 57 ताल आहेत, 99 लूप साठवता येतात आणि 13 तासांचं रेकॉर्डिंग मावतं. न्यूएक्सच्या लूप कोअरमध्येही ताल आहेत. चांगली यंत्रं आहेत. पण हे ताल ड्रमसेटचे आहेत, रॉक-ब्लूज-फंकच्या चालीतले. आपल्या भावगीतांना लागणारा दादरा-केरवा, त्यातलं तबल्याचं वजन, ते त्यात नाही. म्हणून बरेच जण मोबाइलवर तबल्याचं ॲप लावतात आणि त्याच्याबरोबर लूप करतात. आणि मग दोन मिनिटांत सगळं विस्कटतं आणि त्यांना वाटतं की पेडल खराब आहे.

पेडल खराब नसतो. ॲपचं घड्याळ वेगळं आणि लूपरचं वेगळं, दोघांना एकमेकांची खबर नसते. समजा 12 सेकंदांचा लूप तुम्ही फक्त 20 सहस्रांश सेकंद उशिरा बंद केलात. कानाला ते कळणारही नाही. पण दहा फेऱ्यांनंतर, म्हणजे दोनच मिनिटांत, तबला आणि गिटार यांच्यात पंचमांश सेकंदाचं अंतर पडलेलं असतं, ठोक्याच्या चतुर्थांशाहून जास्त. पाय कितीही तयार झाला तरी हे टळत नाही. यावर मार्ग एकच: ताल लूपच्या आतच घ्या. पिकअप (आवाज ॲम्पकडे नेणारा आतला भाग) असलेली अकूस्टिक गिटार असेल तर सर्वांत सोपं. पहिला थर म्हणून कॉर्ड वाजवूच नका, गिटारच्या अंगावर थाप द्या. खालच्या बाजूला तळव्यानं ठोकलं की भरीव आवाज, वरच्या कडेला बोटांनी टिचकी मारली की टणक आवाज. सहा मात्रांचा साधा दादरा यातून छान उभा राहतो. इलेक्ट्रिकवर डाव्या हातानं तारा नुसत्या झाकून उजव्या हातानं चक-चक असा ठेका द्या. तो पहिला थर झाला की त्यावर कॉर्ड. आता घड्याळ एकच, विस्कटायला काही उरत नाही. ॲपचा तबलाच हवा असेल तर ज्या लूपरला दोन इनपुट आहेत, त्यातल्या दुसऱ्यात मोबाइलचा आवाज योग्य केबलनं सोडा, आणि एक आवर्तन रेकॉर्ड झालं की ॲप बंद करा.

उलट्या दिशेनं एक उपयोग सांगतो, तो मला स्वतःला फार आवडतो. घरात कुणी तबला शिकत असेल तर त्याला सोळा मात्रांचा नगमा लूपवर करून द्या. चार-सहा सुरांची साधी ओळ, स्वच्छ वाजवलेली, समेवर नीट आलेली. पेटीवर कुणी बसायची वाट न बघता मुलगा अर्धा तास कायदा (तबल्याची ठरलेली बोलरचना) घोकू शकतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं धाकट्या भावासाठी हे सुरू केलं. सहा महिन्यांत भावाचा तबला सुधारलाच, पण तिची स्वतःची लयही पक्की झाली, कारण तिनं केलेल्या नगम्याची सम जराही हलली तर तो लगेच सांगायचा.

पेडल जोडायचा कुठे? सगळ्यात शेवटी. गिटार, मग डिस्टॉर्शन (आवाज फाटका, जाड करणारा इफेक्ट), कोरस, डिले जे काही असेल ते, मग लूपर, मग ॲम्प. असं जोडलं की स्वच्छ आवाजात कॉर्ड भरून घेऊन नंतर डिस्टॉर्शन लावून लीड वाजवता येतं, आणि कॉर्ड स्वच्छच राहतात. तुमच्याकडे मल्टिइफेक्ट आहे, त्यामुळे लूपर त्याच्यापुढे, ॲम्पच्या बाजूला. एक अडचण येते ती ॲम्पमधलंच डिस्टॉर्शन वापरणाऱ्यांना. तिथे लूपर कुठेही लावला तरी तो ॲम्पच्या आधीच येतो, मग कॉर्ड आणि लीड दोन्ही एकाच डिस्टॉर्शनमधून जातात आणि चिखल होतो. ॲम्पच्या मागे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतील तर लूपर तिथे लावावा. दहा वॅटच्या ॲम्पना ते बहुधा नसतात. मग ॲम्प स्वच्छ चॅनलवर ठेवून डिस्टॉर्शन मल्टिइफेक्टमधून घ्या, काम झालं.

रात्रीच्या सरावासाठी हेडफोन लागणार, आणि इथे अनेकांची निराशा होते, कारण साध्या लूपरना हेडफोनचा जॅक नसतो. तुमच्या ॲम्पला हेडफोनचं भोक असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर व्हॉक्सच्या ॲम्पप्लगसारखा, गिटारच्या जॅकमध्ये खोचायचा छोटा हेडफोन-ॲम्प घ्या आणि तो गिटारमध्ये न खोचता लूपरच्या आउटपुटमध्ये खोचा. भोक तेच असतं. आवाज स्वच्छ ठेवायचा एवढंच.

वीजपुरवठ्याबद्दल सावध करतो, कारण इथे मी स्वतः एक पेडल गमावला आहे. गिटारचे बहुतेक पेडल 9 व्होल्ट डीसीवर चालतात आणि प्लगच्या मधल्या टोकाला ऋण असतं. घरात पडलेले वायफाय राउटरचे ॲडाप्टर दिसायला तसेच, प्लगही तोच बसतो, पण त्यांच्यात बहुधा मधे धन असतं आणि अनेकदा व्होल्टेजही 12 असतं. घाईत तसा एक ॲडाप्टर मी लावला होता. ॲडाप्टरच्या पाठीवर गोलाचं छोटं चित्र असतं, त्यात मधल्या ठिपक्याची रेघ उणे चिन्हाकडे जाते ना, हे बघितल्याशिवाय प्लग लावू नका. बॅटरीवर अवलंबून राहू नका. आरसी-1 मध्ये 9 व्होल्टची बॅटरी बसते, पण डिजिटल पेडल ती लवकर संपवतात, आणि डिट्टोत तर बॅटरीची जागाच नाही. सगळे पेडल एकाच ॲडाप्टरच्या शेपटीवर लावले आणि बारीक चीं-चीं असा आवाज यायला लागला, तर लूपरला वेगळा ॲडाप्टर द्या. डिजिटल पेडलचा गोंगाट सामाईक वायरीतून दुसऱ्यांत शिरतो. आणि जुन्या इमारतीत घूं असा आवाज कायम येत असेल तर पेडल बदलण्याआधी प्लगला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या.

पेडल घरी आला की पहिल्या दिवशी काय करायचं, ते सांगतो. दोनच कॉर्ड घ्या, जी आणि सी. लूपर न लावता दोन-तीन आवर्तनं वाजवत राहा, हात चालता होऊ द्या. मग हात न थांबवता समेवर पाय द्या. नवशिके आधी बटण दाबतात आणि मग वाजवायला सुरुवात करतात, तेवढी पोकळी लूपच्या तोंडाशी जाऊन बसते. बंद करतानाही हात थांबवायचा नाही. समेवर पाय द्या आणि पुढचं आवर्तन वाजवतच राहा, जणू काही झालंच नाही. आता ऐका: तुमचा चालू हात आणि लूपमधला हात एकच वाटला तर जमलं. दोन गिटार ऐकू आल्या तर पुसा आणि परत करा. दहा वेळा पुसावं लागेल. त्या पुसण्याचा कंटाळा करू नका, लयीचा सगळा अभ्यास तिथेच होतो. मेट्रोनोमच्या (ठरलेल्या लयीत ठोके देणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यावर वाजवणारा मुलगा त्याच्या आधारानं चालतो. लूपर मात्र तुमचीच लय तुम्हाला परत ऐकवतो, आणि तिच्यातलं पळणं किंवा मागे रेंगाळणं लपत नाही.

सांधा बुजवायची एक युक्ती आहे. काही लूपरमध्ये रेकॉर्डिंगनंतर सरळ वाजणं सुरू करायचं की सरळ ओव्हरडबमध्ये जायचं, हे निवडता येतं. बॉसच्या पेडलमध्ये ही सोय आहे. ओव्हरडबचा क्रम निवडला की समेवर पाय दिल्यानंतरही आधीच्या कॉर्डचा घुमारा पुढे रेकॉर्ड होत राहतो आणि लूपच्या सुरुवातीवर सांडतो. मग जोड ऐकूच येत नाही. संथ, लांब घुमणाऱ्या कॉर्डसाठी हाच क्रम चांगला. फक्त दोन-चार ठोके गेले की परत दाबून ओव्हरडबमधून बाहेर पडायचं विसरू नका, नाहीतर तुमचं चाचपडणारं लीडही थरात भरलं जातं.

थर किती चढवावेत? दहा वॅटच्या छोट्या स्पीकरवर दोन, फार तर तीन. त्यापुढे खिचडी होते. प्रत्येक थराला आपली जागा द्या: पहिला ठेका, दुसरा खालच्या फ्रेटवरच्या कॉर्ड, तिसरा हवा असेल तर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) सातव्या फ्रेटवर लावून त्याच कॉर्ड वरच्या जागी, हलक्या हातानं. दोन थर एकाच जागी, एकाच जोरानं वाजवले तर एकाची भर पडत नाही, दोन्ही बुजतात. लूपच्या आवाजाची कळ नेहमी थोडी खालीच ठेवा. ती तुमच्या चालू गिटारला लागू होत नाही, फक्त लूपला होते, त्यामुळे लीड आपोआप वर येतं.

शेवटचा थर पुसून परत आणता येतो, हेही लक्षात ठेवा. दाबून धरलं की जातो, परत धरलं की येतो. चूक झाली की पुसायला म्हणून सगळे ते वापरतात, पण गाण्यातही त्याचा उपयोग आहे. कडव्याला वरचा थर काढून ठेवा, ध्रुवपदाला परत आणा. एवढ्यानं एका माणसाच्या वाजवण्यात चढउतार येतो. फक्त दाबून धरायला जो दीड-दोन सेकंद वेळ लागतो तो आधी हिशेबात धरावा लागतो, म्हणजे पाय समेच्या थोडा आधीच ठेवायचा.

वापरलेला पेडल मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण बटण तीस-चाळीस वेळा दाबून बघा. दर वेळी पहिल्याच दाबेत ऐकतो का? कधी एका दाबेला दोनदा ऐकतो का? लूपरमधला जो भाग झिजतो तो हाच. कळ फिरवताना खरखर येत असेल तर ती साफ करता येते, त्यासाठी सोडू नका. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर पेडल उघडा राहणार असेल तर जॅकना ओल धरते. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

आणि नवा घ्यायला दुकानात जाल तेव्हा स्वतःची गिटार घेऊन जा. दुकानदाराला खुर्ची मागा, चप्पल बाहेर काढून अनवाणी बसा आणि जी-सी चा लूप दहा वेळा करा, एकदा आरसी-1 वर, एकदा डिट्टोवर. दहापैकी किती सांधे स्वच्छ आले ते मोजा. ज्याच्यावर जास्त आले तो घ्या.